नवे यंत्र आणि जुनी प्रणाली

बारामती, इंदापूर ह्या गावांत काय, किंवा महाराष्ट्रातील इतर गावांत काय, लग्नपत्रिका, हस्तपत्रके आणि शाळांचे वार्षिक अंक ह्यांची जुळणी संगणकावर होऊ लागल्यास आता बराच काळ लोटला. ह्यांतील पुष्कळसा जुना मजकूर श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फाँटांत आहे. जुना संगणक निकामी झाला म्हणजे छापखानेवाला नवा आणतो आणि त्यावर २००१ सालची विंडोज एक्सपी बसवू पाहतो. हा खटाटोप बहुधा फसतो.

ऑपरेटिंग सिस्टिम ही संगणकाची कारभारीण होय. डिस्क, कळफलक, पडदा ह्या प्रत्येक अवयवाची बोली निराळी. ती तिला समजावून देणारा दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. एक्सपीपाशी दुभाषे आहेत ते त्या काळच्या अवयवांचे. पुढे हार्ड डिस्क जोडण्याची रीत पालटली. तेव्हा एक्सपीला समोरची डिस्कच ओळखू येईना, आणि निळा पडदा झळकून काम थांबू लागले. २००९ सालच्या विंडोज ७ मध्ये ही उणीव भरून निघाली. परंतु यूएसबी ३ चा दुभाष्या तिच्याजवळही नाही. त्यामुळे कित्येक नव्या यंत्रांवर ती बसविताना कळफलक आणि माउस निश्चेष्ट पडून राहतात. शिवाय यंत्राला जाग आणणारी बायोस जाऊन तिच्या जागी यूईएफआय आली. नेहमीच्या ३२-बिट एक्सपीला तिच्यावाटे सुरूच होता येत नाही.

ह्यावर सोपा उपाय असा की, नव्या प्रणालीतच व्हर्च्युअलबॉक्ससारखा प्रोग्रॅम बसवावा. तो जुन्या यंत्राचे सोंग वठवितो आणि एक्सपी त्यात सुखाने नांदते. मात्र मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ पासून तिची डागडुजी थांबविली असल्याने तिला इंटरनेटपासून दूर ठेवणेच शहाणपणाचे.

तथापि मूळ अडचण यंत्राची नसून अक्षरांची आहे. जुन्या फाँटांत देवनागरी वळणे रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसविलेली असत. फाँट नसला की मजकुराच्या जागी निरर्थक रोमन चिन्हे उमटतात. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी वर्णास स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून तो मजकूर कोणत्याही नव्या यंत्रावर वाचता येतो. रूपांतर करून देणारे प्रोग्रॅम उपलब्ध आहेत. परंतु त्यांत रफार, वेलांट्या आणि जोडाक्षरे चुकण्याचा संभव असल्याने मूळ पानाशी ताडून पाहणे अवश्य आहे. हे ताडून पाहावयाचे तर मूळ पान पडद्यावर यथार्थ दिसले पाहिजे. तेवढ्याकरिता जुनी प्रणाली जपावी, आणि ती चालती आहे तोवरच हे काम उरकून घ्यावे.