चिठ्ठीत निघालेली जमीन

आमच्या घरची वाटणी झाली ती १९५८ साली, आणि चिठ्ठ्या उचलल्या मी. तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. चिठ्ठ्या अजाण पोराने काढायच्या असा रिवाज. म्हणजे मागाहून कोणी कोणाला बोल लावायला नको. वाटणीदार तिघे: थोरले आबा, माझे वडील आणि धाकटे काका. जमीनही तीन जातींची: नदीकाठची मळई, मधले जिराईत आणि वरचा खडकाळ माळ. एकाला मळई आणि दुसऱ्याला माळ गेला तर तो अन्याय. म्हणून पंचांनी प्रत्येक जातीच्या जमिनीचे तीन-तीन पट्टे पाडले. नऊ तुकडे झाले. तुकडेबंदीचा कायदा १९४७ सालीच आला होता. पण कायदा राहिला कागदावर आणि वाटणी झाली बांधावर. न्याय अगदी काट्याच्या तोल झाला. मात्र माझ्या वडिलांचे निम्मे आयुष्य एका तुकड्यावरून दुसऱ्या तुकड्यावर औत नेण्यात गेले.

ही हकीकत मला पुन्हा आठवली ती साठ वर्षांनी, अमेरिकेत. माझी मुलगी ओहायो राज्यात कोलंबसला असते. एका रविवारी ती आम्हा उभयतांना मॅरिएटा नावाच्या गावी घेऊन गेली. मस्किंगम नदी ओहायो नदीला मिळते, त्या संगमावर हे गाव आहे. तिथल्या संग्रहालयाच्या आवारात एक बुटकी लाकडी इमारत जपून ठेवली आहे. ही १७८८ सालची जमीन-कचेरी. मी मुलीला म्हटले, “म्हणजे इथेही वाटणी झाली होती तर!” ती हसली आणि नंतर तिने मला या विषयावरची दोन पुस्तके आणून दिली. त्यांतली ही गोष्ट.

अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध संपले तेव्हा सरकारची तिजोरी रिकामी होती. सैनिकांच्या थकलेल्या पगारापोटी सरकारी रोखे दिले गेले, आणि त्या रोख्यांना बाजारात दर्शनी किमतीच्या कितीतरी खाली भाव होता. अशा वेळी १ मार्च १७८६ रोजी बॉस्टनमधल्या ‘बंच ऑफ ग्रेप्स’ या खानावळीत काही मंडळी जमली. त्यांत पुढे होते जुने सेनाधिकारी, मोजणीच्या कामात मुरलेले रूफस पुटनम. बेत असा, की हे रोखे एकत्र करायचे आणि त्यांवर सरकारकडून पश्चिमेची जमीन सामाईक विकत घ्यायची. एक भाग एक हजार डॉलरच्या रोख्यांचा, वर दहा डॉलर सोन्याचांदीत. पाचांहून अधिक भाग कोणालाही घेता येऊ नयेत, असाही नियम केला. मॅनासा कटलर नावाच्या धर्मोपदेशकाने सरकारदरबारी खटपट केली आणि १७८७ च्या ऑक्टोबरात पंधरा लाख एकरांचा करार झाला. भाव एकरी एक डॉलर, त्यातून खराब जमिनीपोटी एक तृतीयांश सूट. पुढे सगळी रक्कम उभी राहिली नाही, तेव्हा सौदा आक्रसला. पण ७ एप्रिल १७८८ रोजी अठ्ठेचाळीस माणसे होड्यांतून या संगमावर उतरली होती.

आता वाटणी. पंचांसमोरचा पेच तोच, आमच्या गावचा! नदीकाठची जमीन सुपीक, वरच्या टेकड्या राठ. मग त्यांनी काय केले? एकेका भागाचे सात तुकडे केले: गावात घराची एक जागा, मग तीन एकर, आठ एकर, शंभर एकर, एकशे साठ एकर, दोनशे बासष्ट एकर आणि सहाशे चाळीस एकर. बेरीज सुमारे ११७३ एकर. नकाशावर तुकड्यांना क्रमांक दिले आणि चिठ्ठ्या टाकल्या. भाग होते आठशेहून थोडे अधिक. मी मनाशी म्हटले, आमच्या पंचांनी नवावर भागवले ते पुष्कळच झाले!

पण चिठ्ठीला न्याय कळतो, अंतर कळत नाही. आठ एकरांचे तुकडे कित्येकांना गावापासून दूर निघाले. म्हणून गावाजवळ तीन-तीन एकरांचे तुकडे पाडावे लागले. शिवाय अनेक भागीदार पूर्वेकडेच राहिले. त्यांची जमीन ओस, आणि जो कसायला आला त्याला शेजार नाही. तेव्हा कंपनीने ठरवले, की जो स्वतः येऊन राहील आणि राखणीला उभा राहील त्याला शंभर एकर फुकट द्यायचे. १७९२ साली काँग्रेसने या कामासाठी एक लाख एकर वेगळे काढून दिले.

राखण कोणापासून? हा प्रश्न विचारल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. हे रान शॉनी, डेलावेअर, वायंडॉट या लोकांच्या शिकारीचे आणि वस्तीचे. सरकारने काही प्रमुखांशी तह करून ते आपले म्हणवले होते. बाकीच्यांना ते तह मान्य नव्हते. चिठ्ठ्या टाकल्या, पण मूळ धन्याचे नाव एकाही चिठ्ठीवर नव्हते. २ जानेवारी १७९१ रोजी मस्किंगमच्या वरच्या अंगाला, मॅरिएटापासून सुमारे तीस मैलांवर, बिग बॉटम येथल्या एकाकी वस्तीवर डेलावेअर आणि वायंडॉट योद्ध्यांनी हल्ला केला. डझनभर माणसे मारली गेली. पुढची चार वर्षे वसाहतवाले आपापले तुकडे सोडून लाकडी तटांच्या आत दाटीने राहिले. १७९५ साली ग्रीनव्हिलचा तह झाला तेव्हा ते बाहेर पडले, आणि मूळ रहिवाशांना मात्र आपल्या भूमीचा मोठा हिस्सा कायमचा सोडावा लागला.

एक गोष्ट मात्र मला त्या वसाहतवाल्यांकडून घेण्यासारखी वाटली. वाटण्याआधी त्यांनी काय वाटायचे नाही ते ठरवले होते. सहा मैल लांब-रुंद अशा प्रत्येक चौरसाचे छत्तीस गट. त्यांतला सोळावा शाळेसाठी आणि एकोणतिसावा धर्मकार्यासाठी राखलेला. विद्यापीठासाठी असे दोन अख्खे चौरस. त्यांतून १८०४ साली अथेन्स गावी ओहायो विद्यापीठ उभे राहिले. गावात सापडलेले प्राचीन मातीचे उंचवटेही त्यांनी कोणाच्या वाट्यास न घालता चौक म्हणून मोकळे ठेवले. त्यांतल्या एकावर आज ग्रंथालय आहे. सर्वांत उंच त्याच्याभोवती स्मशानभूमी, आणि तीत ते जुने सेनाधिकारी विसावले आहेत. ११७३ एकरांचे हिशेब आज कोणाला ठाऊक नाहीत, पण ते चौक आहेत.

आमच्या पंचांनीही एक गोष्ट वाटली नव्हती: मधल्या शेतातली विहीर. तिला पाळ्या लावल्या होत्या. पुढे बांधावरून आबा आणि काका यांचे बोलणे तुटले ते तब्बल सात वर्षे, पण पाळीच्या दिवशी मोट सोडताना “झालं का रे तुझं?” एवढे विचारावेच लागे. त्या चार शब्दांवर आमचे घर टिकले.

आता सातबाऱ्यावर तेवीस नावे आहेत. या दिवाळीत आम्ही सारे चुलतभाऊ-बहिणी गावी जमणार आहोत, आणि पुन्हा वाटणीची भाषा सुरू झाली आहे. चिठ्ठ्या उचलायला माझा नातू आहेच. पण त्याला हात घालू देण्याआधी मी एवढेच म्हणणार आहे: काय वाटायचे नाही, ते आधी लिहून काढू या.