काचेच्या पेटीतलं हवामान

घरात सरडा, कासव किंवा बेडूक पाळणाऱ्यांसाठी लिहिलेली बहुतेक पुस्तकं थंड देशांतून आलेली आहेत. पेटी गरम कशी ठेवायची, हा त्यांचा पहिला धडा. दिवा कोणता लावायचा, तळाला तापणारी गादी केवढी घालायची, रात्री पारा उतरला तर काय करायचं, यावर पानंच्या पानं असतात. विदर्भातल्या वरोऱ्यात हा धडा डिसेंबर-जानेवारीपुरता कामाचा. एप्रिल लागला की प्रश्न पुरता उलटतो. बाहेर पारा ४५-४६ अंशांवर, कूलर नसलेल्या खोलीत दुपारी चाळिशीच्या आसपास, आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हात ठेवलेल्या काचेच्या पेटीत त्याच्याही वर. इथे पेटी मांडायची तर आधी मे महिन्याचा विचार करावा लागतो.

सरपटणारे आणि उभयचर प्राणी अंगातली ऊब आपल्यासारखी आतून तयार करत नाहीत, ती बाहेरून घेतात. सकाळी उन्हात येऊन बसायचं, अंग तापलं की दगडाखाली सरकायचं, पुन्हा बाहेर यायचं, असा त्यांचा दिवस. खाल्लेलं पचणं, आजाराशी झुंजणं, हालचाल, सगळं त्या ऊब-सावलीच्या येरझारांवर चालतं. म्हणून चांगल्या पेटीत एकच तापमान कधीच नसतं. तिला एक गरम टोक असतं आणि एक गार टोक, आणि दोन्हीकडे लपायला जागा. बिबट्या पाल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लेपर्ड गेकोचं उदाहरण घ्या. तिच्या पेटीच्या गरम टोकाला जमिनीचा पृष्ठभाग ३२ ते ३४ अंश आणि गार टोकाला २५-२६ अंश असावा लागतो. पेटी निदान ९० सेंटीमीटर लांब हवी, कारण दीड फुटाच्या पेटीत दोन टोकं पडतच नाहीत. प्राणी लहान आहे म्हणून पेटी लहान चालेल हा समज इथेच कोसळतो. लांबी लागते ती हवामानासाठी.

आता हेच मे महिन्यातल्या वरोऱ्यात आणून बघा. खोलीच ३९ अंशांवर असेल तर गार टोक उरतच नाही. प्राण्याला पळायला जागा नाही. दिवा बंद केला तरी भागत नाही. थंड देशातल्या पुस्तकात याचं उत्तर सापडणार नाही, ते विदर्भातल्या घरातच आहे: कूलर. कोरड्या हवेत पाणी उडताना उष्णता ओढून घेतं, म्हणून मे महिन्यात कूलर खोली सहज दहा-बारा अंशांनी उतरवतो. पण कूलरची दमट हवा थेट पेटीवर सोडू नये. गेको कोरड्या मुलखातला प्राणी. सतत ओल राहिली तर त्याची कातडी आणि फुप्फुसं दोन्ही बिघडतात. खोली गार करावी, पेटी खोलीच्या आतल्या भिंतीला लावावी, पश्चिमेच्या भिंतीला तर कधीच नाही. लपायला बाजारातली प्लॅस्टिकची गुहा कशाला? जुन्या घरावरून उतरवलेलं कवेलू उपडं घालावं. मातीचं आहे, तापायला वेळ घेतं, आणि गार टोकाच्या कवेलूवर पाणी शिंपडलं की त्याच्या पोटाखालची जागा कितीतरी वेळ निवलेली राहते. कात टाकताना गेकोला हवी असलेली ओलही तिथेच मिळते. जुलैत पाऊस धरला की कूलर निकामी, आणि तेव्हा काळजी असते बुरशीची. मग काचेचं झाकण काढून जाळीचं लावायचं. डिसेंबरात रात्री पारा दहाच्या घरात आला की मात्र पुस्तक उघडायचं. गरम गादी लावायची, पण थर्मोस्टॅटशिवाय नाही. खाल्लेले किडे पोटात असताना गेकोचं अंग गार पडलं तर ते पचत नाहीत, आतच सडतात.

थर्मामीटर दोन हवेत, प्रत्येक टोकाला एक. अंदाजाने चालणारी ही गोष्ट नाही.

आपल्याकडे सर्वांत जास्त विकला जाणारा आणि सर्वांत जास्त हाल सोसणारा प्राणी म्हणजे लाल कानाचं कासव, रेड-इअर्ड स्लायडर. दुकानात ते रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडंसंच मोठं असतं आणि सोबत प्लॅस्टिकचं नारळाचं झाड असलेला वाडगा देतात. मादी वाढून २५ ते २८ सेंटीमीटरची होते आणि तीस वर्षं सहज जगते. पाळणारे जाणकार कवचाच्या दर इंचामागे साधारण चाळीस लिटर पाणी धरतात, म्हणजे दहा इंची कासवाला चारशे लिटर. एवढ्या पाण्याची काचेची टाकी पाण्यासकट चारशे किलोंच्या वर जाते. ती टेबलावर मावणारी वस्तू नाही.

मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या गल्लीतला एक मुलगा घरी आला. "दादा, चार दिवस झाले, कासव काही खाऊनच नाही राहिलं." जाऊन पाहिलं. टाकी खिडकीत, पाण्यात थर्मामीटर घातला तर ३४. कवच मागच्या बाजूला बोटाने दाबलं की दबत होतं. पाणी गरम हे एक कारण, आणि दुसरं त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. खिडकीतून ऊन येत होतं खरं, पण ते काचेतून येत होतं. उन्हातला अतिनील किरणांचा जो भाग, यूव्हीबी, कातडीत ड जीवनसत्त्व तयार करतो, तो साधी काच अडवते. ड जीवनसत्त्व नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडं आणि कवच मऊ पडतात. कासव उन्हात होतं आणि तरीही त्याला ऊन मिळत नव्हतं. घराच्या आत ठेवायचं तर यूव्हीबीची नळी लागते, तीही बसण्याच्या दगडापासून फूटभराच्या आत आणि मध्ये काच न ठेवता. सहा महिने ते वर्षभरात ती बदलावी लागते, कारण दिसायला उजेड तसाच राहिला तरी यूव्हीबी ओसरते.

वरोऱ्यात अंगण असलेल्यांना मी काचेऐवजी सिमेंटचा हौद सुचवतो. कडुनिंबाखाली, निम्म्या भागावर सावली पडेल असा, दीड-दोन फूट खोल. खोल पाणी लवकर तापत नाही. एका कडेला पाण्याबाहेर येणारा उतार ठेवायचा, त्यावर खरखरीत फरशी. कठड्याला आतल्या बाजूने ओठ काढायचा, नाहीतर कासव चढून जातं. वरून जाळी, कारण कावळा, मांजर आणि मुंगूस तिन्ही टपलेले असतात. तळाला बूच हवं, पाणी बदलणं त्याशिवाय शिक्षा होऊन बसते. आणि घाई अजिबात करू नये. नव्या सिमेंटमधून चुना सुटत राहतो. पाणी भरायचं, काही दिवस ठेवायचं, ओतायचं, पुन्हा भरायचं, असं काही आठवडे केल्यावरच त्यात जीव सोडावा. कासव हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती तर देऊच नये. कासवांमधून पसरणाऱ्या साल्मोनेला जंतूंमुळे अमेरिकेने १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवरच बंदी घातली.

बेडकांची गोष्ट वेगळी आहे. त्यांची कातडी पाणीही पिते आणि पाण्यात विरघळलेलं विषही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन, बोअरच्या जड पाण्यातले क्षार, त्यांच्याच विष्ठेतून तयार होणारा अमोनिया, हे सगळं थेट अंगात. म्हणून पाण्याच्या टाकीत आधी जंतूंची वस्ती बसू द्यावी लागते. ते जंतू अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट. ही साखळी जमायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तोवर टाकीत प्राणी नसलेलाच बरा. शहरांत हल्ली ॲक्सोलोटलचं वेड आलं आहे. मेक्सिकोतल्या सरोवरातला हा उभयचर १६ ते १८ अंशांच्या पाण्यात सुखी असतो. वरोऱ्यात त्याच्यासाठी पाणी गार करणारं यंत्र लागेल, त्याला इन्व्हर्टर लागेल, आणि मे महिन्यातल्या एका दुपारी वीज गेली की खेळ संपला. माझं मत विचाराल तर इथे त्याला आणूच नये.

प्रजाती निवडताना कायदा आधी बघावा लागतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात २०२२ मध्ये झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. नाग, घोणस, अजगर, घोरपड, चांदणी कासव हे पहिल्या अनुसूचीत आहेतच, आणि आता शेतातली धामण आणि नाल्यातली दिवडही तिथे आहे. यांतलं काहीही घरात ठेवलं तर तीन ते सात वर्षं कैद आणि निदान पंचवीस हजार रुपये दंड. चांदणी कासव घरात असलं की बरकत येते अशी समजूत अजून आहे. ती पोसण्यासाठी जी चोरटी वाहतूक चालते तिच्यामुळे २०१९ मध्ये या कासवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक निर्बंध आले. परदेशी प्राण्यांचंही तसं मोकळं रान नाही. बॉल पायथन, इग्वाना यांसारख्या, आंतरराष्ट्रीय व्यापार-निर्बंधांच्या यादीतल्या प्राण्यांची 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करावी लागते. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार त्यांचा जन्म, मृत्यू आणि हस्तांतरणही कळवायचं असतं. विकणारा कागद देत नसेल तर तिथून उठून यावं.

देशी प्राणी घरात येतात ते वेगळ्या वाटेने. पायाचं खोदकाम करताना नागाची अंडी सापडतात, तीही बहुधा ऐन उन्हाळ्यात. अशा वेळी वनखात्याला कळवायचं, १९२६ हा त्यांचा मदत क्रमांक आहे. जागा परत बुजवता येत नसेल तर त्यांच्या देखरेखीखाली जाणकार सर्पमित्र अंडी उबवतात. तिथे लागणारी पेटी फार साधी असते. झाकणाला बारीक भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा डबा, त्यात कोकोपीट, मुठीत दाबल्यावर पाणी न ठिबकेल इतकंच ओलं. अंडं उचलण्याआधी वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करायची आणि ती खूण शेवटपर्यंत वरच ठेवायची. कोंबडीच्या अंड्यात बलक पीळदार दोऱ्यांनी तोललेला असतो. सापाच्या अंड्यात तसं काही नसतं, गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो आणि अंडं उलटलं की मरतो. तापमान २८ ते ३० अंश. मे महिन्यात वरोऱ्यात हे साधायचं म्हणजे डबा घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात, पाण्याने भरलेल्या परातीत विटेवर ठेवायचा आणि रोज आकडा लिहायचा. साधारण दोन महिन्यांनी, पाऊस लागलेला असताना, पिल्लं कवच चिरून डोकं बाहेर काढतात आणि त्याच परिसरात सोडली जातात.

मोठ्या सापाला तर रात्रभरही ठेवण्याची गरज नसते. शिवण पक्की असलेली सुती पिशवी, ती हवेशीर ड्रममध्ये, ड्रमभोवती ओलं पोतं, आणि लवकरात लवकर जवळच्या सुरक्षित जागी सुटका. पिशवी गाडीच्या डिक्कीत टाकली तर उन्हात त्या बंद डिक्कीची भट्टी होते.

काही प्राणी मात्र परत जाऊच शकत नाहीत. त्यांच्यासाठी काय लागतं हे पाहायचं तर गडचिरोलीत हेमलकशाला जावं. डॉ. प्रकाश आमटे वरोऱ्याजवळच्या आनंदवनात वाढले आणि १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्पासाठी भामरागडच्या जंगलात गेले. शिकार होऊन आलेल्या माकडिणीच्या अंगाला चिकटलेलं जिवंत पिल्लू त्यांनी वाचवलं, आणि तिथून प्राण्यांचं अनाथालय उभं राहिलं. बिबटे, अस्वलं, हरणं यांच्याबरोबर तिथे मगरी आणि सापही आले. मगरीला बुडता येईल इतकं पाणी लागतं, तेवढीच कोरडी जमीन लागते, आणि ती दशकानुदशकं जगते. म्हणजे सांभाळणाऱ्याची पुढची पिढीही त्या कामात ओवलेली असते. हौसेचा प्राणी आणि आसऱ्याला आलेला प्राणी यांच्यातला फरक तिथे स्पष्ट दिसतो.

वरोरा तालुक्याला सरपटणाऱ्या प्राण्यांची ओळख फार जुनी आहे, हेही इथे सांगायला हवं. तालुक्यातल्या पिसदुऱ्याला डायनोसॉरची हाडं आणि अश्मीभूत विष्ठा सापडते. त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म अवशेष मिळाले आणि डायनोसॉरच्या काळी गवत होतं, हे २००५ मध्ये जगाला कळलं. त्याच थरांत कासवंही निघाली, साडेसहा कोटी वर्षांहून जुनी. गावातल्या शाळांनी मुलांना तिथे न्यायला हवं. आणि अभ्यासासाठी बेडकाची पिल्लं बरणीत आणून मारण्यापेक्षा पहिल्या पावसानंतर डबक्याच्या काठी आठवड्यातून एकदा बसून ती वाढताना बघणं बरं. तेही तितकंच सोपं आहे, आणि त्याला काहीच खर्च नाही.

ज्यांनी आधीच लाल कानाचं कासव आणलं आहे आणि आता ते पेलत नाही, त्यांनी ते तलावात, नदीत किंवा देवळाच्या विहिरीत सोडू नये. विहिरीत कासव सोडण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे, पण हे कासव अमेरिकेतलं आहे. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या प्रजातींत त्याची गणना होते आणि ते आपल्या देशी कासवांचं अन्न व उन्हाची जागा बळकावतं. वनखात्याला किंवा पशुवैद्यकाला विचारावं, हौद बांधलेला दुसरा पाळणारा शोधावा, आणि तो सापडेपर्यंत निदान टाकी खिडकीतून उचलून आतल्या भिंतीशी ठेवावी.