पाषाणांची जन्मपत्रिका

मनुष्याचें वय जन्मपत्रिकेवरून कळतें. पण ज्या खडकांत साध्या शिंपल्याचाहि अवशेष सांपडत नाहीं, त्यांचें वय काढावें कसें? आणि तें कळल्यावांचून एका पुरातन पर्वतश्रेणीचा प्रदेश कोठें संपला व दुसरीचा कोठें सुरू झाला, हें तरी ठरवावें कसें? कारण त्या श्रेणी केव्हांच झिजून गेलेल्या असतात. उरतो तो त्यांचा पाया. या प्रश्नाची स्कॉटलंडमधील एक हकीकत आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावर लुइसियन नांवाचे अतिप्राचीन स्फटिकमय खडक उघडे पडले आहेत. त्यांतील बहुतेक पट्टिताश्म, म्हणजे उष्णतेनें व दाबानें रूपांतर पावलेला पट्ट्यापट्ट्यांचा खडक. दिसावयास सारे सारखेच. परंतु जॉन सटन व जॅनेट वॉटसन या दांपत्यानें त्यांत एक खूण हेरली व १९५१ सालीं ती प्रसिद्ध केली. या खडकांच्या भेगांत शिलारस शिरून थिजला व त्याच्या काळ्या भित्ती बनल्या. (खानदेशांत धुळ्याकडे अशा भित्ती पुष्कळांनीं पाहिल्या असतील, त्या मात्र वयानें फारच लहान.) स्कूरी गांवापाशीं या भित्ती सरळ असून पट्ट्यांना छेदून जातात, उत्तरेस लॅक्सफर्डकडे जावें तों त्या चेपलेल्या व मुरडलेल्या दिसतात. यावरून त्यांनीं अनुमान काढलें कीं, भित्तींच्या आधीं एक पर्वतनिर्मिति झाली व नंतर दुसरी. पहिलीचेच खडक दुसरीनें उत्तरेस पुन्हां मळून काढले.

पण मध्यें काळ किती गेला? याचें उत्तर १९६१ सालीं जिलेटी, मूरबाथ व लॅम्बर्ट यांनीं दिलें. खडकांतील किरणोत्सर्गी मूलद्रव्यें ठराविक गतीनें पालटत असतात. मूळ द्रव्य किती उरलें व नवें किती झालें हें मोजलें कीं वय निघतें. जुनी घटना सुमारें २५० कोटी व नवी सुमारें १६० कोटी वर्षांपूर्वींची ठरली.

मात्र घड्याळ कोणतें, हें पाहावें लागतें. अभ्रक फार तापलें कीं पोटॅशियमपासून बनून त्यांत सांठलेला आर्गॉन वायु निसटतो व गणना नव्यानें सुरू होते. तें शेवटचें निवणें तेवढें सांगतें. झिरकॉनचा कण मोठा चिवट. बनतांना तो युरेनियम पोटांत घेतो, शिसें जवळजवळ घेत नाहीं; म्हणून पुढें सांपडणारें शिसें बहुतेक युरेनियमपासूनच झालेलें. युरेनियम-२३८ निम्मा होण्यास सुमारें ४४७ कोटी वर्षें लागतात. कित्येकदां कणाच्या गाभ्यांत जन्मकाळ, तर वरच्या कवचांत पुढील आपत्ति नोंदलेली असते.

१९९७ सालीं किनी व फ्रेंड यांनीं झिरकॉनवरून काढलेल्या वयांनीं निराळीच गोष्ट उघड केली. दक्षिणेकडील खडकांचा जन्म सुमारें ३०० कोटी, तर उत्तरेकडील खडकांचा सुमारें २८० कोटी वर्षांपूर्वींचा निघाला! म्हणजे लॅक्सफर्डची सीमा ही एकाच घराच्या जुन्या व डागडुजी केलेल्या भागांमधील नसून, दोन निराळ्या घरांमधील सामाईक भिंत ठरूं पाहते. तीं केव्हां जोडलीं गेलीं, याविषयीं तज्ज्ञांत मतभेद आहेत.

तरीहि भित्तींवरून लावलेला घटनांचा क्रम टिकला आहे. जॅनेट वॉटसन १९८२ सालीं लंडनच्या भूविज्ञान संस्थेच्या पहिल्या स्त्री-अध्यक्ष झाल्या. हातोडी व डोळे यांनीं लावलेला क्रम यंत्रानें खरा ठरविला. पण यंत्रानें दाखविलेला भेद नुसत्या डोळ्यांस कधींच दिसला नसता. घरांतील शास्त्राभ्यासी मुलांमुलींस आम्ही एवढेंच सांगूं: पाषाणाचें वय विचारतांना, तें जन्माचें कीं शेवटच्या आपत्तीचें, हें आधीं विचारावें.