काळी बुरशी आणि नाकातले राखणदार

2021 च्या मे महिन्यात नाशिकमध्येही कांदा चिरताना हात थबकू लागले. सालीवरची काजळी म्हणजेच ती 'काळी बुरशी', असा निरोप मोबाइलवरून फिरत होता. लासलगावच्या जिल्ह्याने ही काजळी पिढ्यानपिढ्या पाहिली आहे. ती अ‍ॅस्परजिलस नायजर, निराळीच बुरशी. 'काळी बुरशी' म्हटला गेलेला आजार ज्या बुरशीने होतो, तो म्युकर तर मुळात काळा नसतोच. तो रक्तवाहिन्यांत शिरून त्या बुजवतो, रक्तपुरवठा तुटलेला भाग मरतो आणि काळा पडतो.

म्युकरचे बीजाणू उकिरड्यावर, शेणखतात, कुजलेल्या पाल्यात असतात. आपण ते श्वासातून घेत आलो आहोत. मग इतकी वर्षं आपण वाचलो कसे? नाकाच्या ओल्या अस्तरावरचा शेंबूड ते अडकवतो, सूक्ष्म केस त्याला घशाकडे लोटतात. त्यातून निसटलेल्यांना मॅक्रोफेज नावाच्या पेशी गिळतात, रुजू देत नाहीत. तरीही एखादा रुजलाच, तर रक्तातून न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावून येतात आणि त्याच्या तंतूंवर तुटून पडतात. या पेशींना शत्रूची आधीची ओळख लागत नाही. ही राखण जन्मजात असते.

ती प्रथम ओळखली प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफ यांनी. 1882 मध्ये मेसिनाला त्यांनी तारामाशाच्या अळीत काटा टोचला, तेव्हा पेशी त्याच्याभोवती जमल्या. 1884 मध्ये पाणपिसवेच्या आतड्याची भिंत भेदणाऱ्या बुरशीच्या बीजाणूंनाही अशाच पेशी गिळताना त्यांनी पाहिल्या. 

2021 मध्ये या राखणदारांचे हात बांधले गेले. आदल्या जूनमध्ये ऑक्सफर्डच्या चाचणीत डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने प्राणवायूवरच्या कोविड रुग्णांचे जीव वाचवले होते: रोज 6 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त 10 दिवस. प्राणवायू न लागणाऱ्यांना त्याचा लाभ दिसला नव्हता. दुसऱ्या लाटेच्या धास्तीत ही मर्यादा अनेक ठिकाणी सुटली. स्टिरॉइडने मॅक्रोफेज मंदावतात, साखर चढते. चढलेल्या साखरेत न्यूट्रोफिलची धाव अडखळते. मधुमेह बिघडून रक्त आम्लधर्मी झालं की बांधलेलं लोह मोकळं होतं, आणि बुरशीला तेच हवं असतं. 28 जूनपर्यंत देशात काळ्या बुरशीचे 40,845 रुग्ण नोंदले गेले. त्यांतले 26,187 मधुमेही, 21,523 जणांना स्टिरॉइड दिलेलं.

मला आजही डाचतं ते हे की इशारा समोर होता. एका बाजूचं नाक चोंदणं, गाल बधिर होणं, वरचे दात हलणं. कोविडमधून नुकतंच सुटलेलं घर त्याला सर्दी किंवा दाढदुखी समजायचं.

अ‍ॅम्फोटेरिसिन या बुरशीविरोधी औषधाच्या कुप्यांसाठी नातेवाईक वणवण फिरले. कुपी मिळाली तरी ती एकटी पुरत नसे. मेलेल्या भागात रक्त जात नाही. तिथे औषधही पोहोचत नाही आणि न्यूट्रोफिलही. तो भाग खरवडूनच काढावा लागे. कुणाचा डोळा गेला, कुणाचा वरचा जबडा. टाळू गेलेल्यांना कृत्रिम टाळू बसवून घास गिळायला नव्याने शिकावं लागलं.