किल्लारी : दगड तोच, बांधणी वेगळी

औसा मागे टाकून किल्लारीत शिरलं, की आधी नजरेत भरतात ते सरळ, रुंद रस्ते. मराठवाड्यातल्या जुन्या गावांना असे रस्ते कुठले! ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपानं काय केलं, ते नव्यानं सांगायला नको. गणपती बोळवून गाव झोपलं होतं. लातूर-उस्मानाबादेत सुमारे १० हजार माणसं गेली, ५२ गावं दुसऱ्या जागी वसवावी लागली. आदल्याच वर्षी ऑक्टोबरात इथं हादरे बसले होते. पण भूकंपाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. २००२मध्ये तो तिसऱ्या क्षेत्रात गेला.

पुनर्वसनाच्या काळात नवं बांधकाम शिकलेले एक वयस्कर गवंडी भेटले. जुन्या घराचं दुखणं त्यांनी अंगणात दगड मांडूनच दाखवलं. माळवदाच्या घराची भिंत दोन-अडीच फूट जाड, पण मुळात त्या दोन भिंती, पाठीला पाठ लावून उभ्या. मधे चिखल आणि गोटे. हादरा बसला की दोन्ही पदर सुटतात, भिंतीला पोट येतं आणि ती ढासळते. शिवाय माथ्यावर मातीचं ओझं. गळती नको म्हणून वरचेवर नवा थर पडायचा.

उपाय साधेच. दोन्ही पदर बांधून ठेवणारे आरपार दगड, कोपऱ्यांत पक्के सांधे, माळवदावरची माती कमी. आणि जोत्यावर, दारं-खिडक्यांच्या डोक्यावर सळईकाँक्रीटचा सलग पट्टा, घराला करगोटा बांधावा तसा. उभ्या घराच्या भिंतीतही एखादा दगड काढून तिथं वाकवलेली सळई घालायची आणि काँक्रीट भरायचं. दगडाला दोष देऊ नका, हे त्यांनी दोनदा बजावलं.

आता वाढत्या कुटुंबांपायी पुढे खोल्या निघाल्यात, वर मजले चढलेत. पट्टा कुठं आहे, कुठं नाही. ‘भूकंप काय रोज येतो?’ हे उत्तर या गवंड्यांना गावातच ऐकावं लागतं, याचं नवल वाटतं. त्यांचा मुलगा पुण्यात सेंट्रिंगच्या कामावर आहे. हे दगडकाम तो शिकलाच नाही.

दर ३० सप्टेंबरला स्मारकापाशी श्रद्धांजली वाहिली जाते. त्याच आठवड्यात जाणत्या गवंड्याला बरोबर घेऊन वाढीव बांधकामांची एक फेरी मारावी. त्याला मोठा निधी लागत नाही.