गोंदणाची रेघ आणि मोठा कॅमेरा

बालाघाट जिल्ह्याच्या बैहर तहसिलीत, मैकल डोंगरांच्या आसऱ्याने, बैगा लोकांची गावे आहेत. त्यांच्या स्त्रियांच्या कपाळावर, दंडांवर, पाठीवर आणि पायांवर गोंदण असते. त्वचा सावळी आणि रेघ काळसर निळी. समोर बसलेल्या माणसाला ती रेघ स्पष्ट दिसते. छायाचित्रात मात्र ती वारंवार हरवते. मोबाइलमधील आपोआप ‘सौंदर्य’ वाढविणारी योजना चालू असेल तर विचारूच नये. ती योजना चेहरा उजळ आणि गुळगुळीत करते, आणि जे आयुष्यभर अंगावर मिरवायचे म्हणून वेदना सोसून गोंदवून घेतले, ते डाग समजून पुसट करून टाकते. मोठ्या सेन्सरचा, ज्याला मीडियम फॉरमॅट म्हणतात तो डिजिटल कॅमेरा नेमका कशासाठी असतो, हे समजून घ्यावयाचे तर या रेघेइतके चांगले उदाहरण दुसरे सापडणार नाही.

मीडियम फॉरमॅट हा शब्द जितका भारदस्त वाटतो तितका तो अनोळखी नाही. कोडॅकने १९०१ साली काढलेला १२० नंबरचा रोळ पुढे पाऊणशे वर्षे गावोगावच्या स्टुडिओंत चालला. बडोद्यास तयार होणारा अॅग्फा क्लिक-थ्री हा साधा कॅमेराही याच रोळावर सहा सेंटिमीटर चौरसाची बारा चित्रे घेत असे. जुन्या घरांतील अल्बमात चिकटविलेली चौकोनी छायाचित्रे पुष्कळदा त्याचीच. पुढे ३५ मिलिमीटरच्या फिल्मने त्याला मागे सारले. आजच्या व्यावसायिक कॅमेऱ्यांतील ३६ गुणिले २४ मिलिमीटरचा सेन्सर हा त्या लहान फिल्मचा वारस होय. पेंटॅक्स, फुजीफिल्म, हॅसलब्लाड यांच्या मोठ्या डिजिटल कॅमेऱ्यांत सेन्सर सुमारे ४४ गुणिले ३३ मिलिमीटरचा असतो. फेज वन या कंपनीचा तर ५३ गुणिले ४० मिलिमीटरचा आहे. पेंटॅक्सचा ६४५डी २०१० साली आला. फुजीफिल्मचा पहिला जीएफएक्स २०१७ साली, आणि दहा कोटी बिंदूंचा जीएफएक्स १०० दोन वर्षांनी, २०१९ साली.

बिंदूंच्या या आकड्यांनीच ग्राहक भुलतो. वस्तुतः मोठेपणाचा खरा लाभ प्रकाशात नसून काळोखात आहे. ४४ गुणिले ३३ च्या सेन्सरचे क्षेत्रफळ लहान सेन्सरच्या सुमारे पावणेदोन पट भरते. तेवढ्याच वेळात, तेवढ्याच छिद्रातून त्यावर एकूण प्रकाशही त्याच प्रमाणात अधिक पडतो. प्रकाश कणाकणाने येतो. जेथे कण थोडे, तेथे त्यांच्या संख्येतील चढउतार दाणेदार खरखरीच्या रूपाने दिसू लागतो. चित्रातील गडद भागांची हीच अडचण असते. शिवाय सेन्सरच्या नोंदीची रीतच अशी की निम्म्या पायऱ्या सर्वांत उजळ भागाच्या वाट्याला जातात. १४ बिटांच्या नोंदीत एकंदर १६,३८४ पायऱ्या असतात. त्यांतल्या ८,१९२ सर्वांत उजळ पट्ट्यात खर्ची पडतात, त्याच्या निम्म्या उजेडाच्या पट्ट्यात ४,०९६ उरतात आणि असे करीत पाचव्या पट्ट्यात अवघ्या ५१२. पांढऱ्या भिंतीपुढील सावळा चेहरा या खालच्या पट्ट्यांत येतो, आणि त्यावरील गोंदण त्याहूनही खाली. कातडी आणि रेघ यांतला सगळा फरक या मूठभर पायऱ्यांत राखावा लागतो. १६ बिटांची नोंद असेल तर पायऱ्या चौपट होतात. तथापि तळच्या पायऱ्यांत बरीच खरखरच भरलेली असते, म्हणून केवळ त्या आकड्यावर हुरळून जाऊ नये.

यंत्राचा दुसरा एक स्वभाव ध्यानी घेतला पाहिजे. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे जग मध्यम राखाडी आहे असे गृहीत धरून चालतो. बालाघाटजवळ भरवेलीला मॅंगनीजची मोठी खाण आहे. तेथील काळ्याभोर खनिजाने चौकट भरली तर तो ढीग चित्रात राखाडी उतरतो. उलट चुन्याने सारवलेल्या भिंतीपुढे बैगा आजी बसली असेल, तर यंत्र भिंतीला राखाडी करू पाहते आणि आजींचा चेहरा अंधारात लोटते. तेव्हा माप भिंतीवर न घेता चेहऱ्यावर घ्यावे. भिंतीचा पांढरेपणा थोडा हातचा गेला तरी चालेल.

रेघ उठवून दाखविण्याची आणखी एक युक्ती आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. त्वचेतील रंगद्रव्य निळा प्रकाश पुष्कळ शोषते, तांबडा त्या मानाने कमी. गोंदणातील काजळी मात्र सर्वच रंग शोषते. त्यामुळे चित्राच्या तांबड्या रंगपटलात कातडी उजळते आणि रेघ काळीच राहते. कृष्णधवल चित्र करताना तांबड्या पटलाला अधिक वजन दिले की गोंदण स्पष्ट होते. तांबडा रंग न ओळखणाऱ्या जुन्या फिल्मवर नेमके उलट घडे. ब्रिटिश म्युझियममधील सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या दोन इजिप्शियन ममींवरचे गोंदण तांबड्याच्याही पलीकडील अवरक्त प्रकाशात दिसून आले, ते २०१८ साली जाहीर झाले. तत्त्व हेच.

व्यक्तिचित्रासाठी या कॅमेऱ्यांवर साधारण ११० मिलिमीटरचे भिंग वापरतात. छिद्र दोन इतके उघडे ठेवून दीड मीटरवरून चित्र घेतले तर जेमतेम तीन सेंटिमीटर जाडीचा पट्टा रेखीव येतो. डोळे स्पष्ट आणि कान धूसर. शहरी जाहिरातीत ते शोभते. जिथे कपाळावरची रेघ, कानातले आणि गळ्यातल्या माळा हे सारेच त्या माणसाचे आहे, तेथे छिद्र आठ ठेवावे. मग दहा-अकरा सेंटिमीटर हाती लागतात. उजेड दारातून एका बाजूने यावा. झगझगीत फ्लॅश समोरून मारला की तेलकट कातडीवर चकाकी येते आणि रेघ तिच्याखाली बुडते.

पूर्वी सुनील जाना यांनी व्हेरियर एल्विन यांच्यासमवेत मध्य भारताच्या आदिवासी मुलखात छायाचित्रे घेतली. त्यांचा रोलिफ्लेक्स हा १२० नंबरच्या रोळाचाच कॅमेरा. त्यात वरून, मान लववून पाहावे लागे. समोरच्याच्या तोंडावर यंत्र रोखले जात नसे. आजच्या बहुतेक मोठ्या कॅमेऱ्यांचा पडदा वर उचलता येतो, तेव्हा ती सोय परत आली आहे. अर्थात मान लववली म्हणजे परवानगी मिळाली असे नव्हे. ती आधी, तिच्या भाषेत कोणी बोलणारे असेल त्याच्या तोंडून, मागावी. आणि छापील प्रत देण्याचे कबूल केले असेल तर ती पोचवावी. पर्यटक येतात, कबूल करतात आणि जातात, हा त्या गावांचा जुना अनुभव आहे.

निसर्गचित्राचा मामला सोपा नाही, पण थोडक्यात सांगण्याजोगा आहे. कान्हाचे मुक्की प्रवेशद्वार याच जिल्ह्यात असले तरी राष्ट्रीय उद्यानात वाहनातून उतरण्यास मनाई असते. तेथे तिपाई निरुपयोगी, कडधान्य भरलेली पिशवी वाहनाच्या कठड्यावर ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवावा. या कॅमेऱ्याला खरे मोकळे रान वैनगंगेच्या काठी आहे. पहाटे नदीवर उजळ धुके आणि पलीकडे वनाचा गडद काठ, अशी दोन टोके एका चौकटीत येतात. तेथे आकाश जळू न देता माप घ्यावे आणि झाडीचा काळोख मागाहून संगणकावर उचलावा; मोठा सेन्सर हे ओझे पेलतो. तिपाई हवीच. दहा कोटी बिंदूंना हाताचा सूक्ष्म कंपही दिसतो, आणि वारा सुटला तर झाडांची पाने पुसट येतात, त्याला इलाज नाही. छिद्र अकरापेक्षा फार लहान करू नये; प्रकाश वळतो आणि रेखीवपणा मऊ पडतो.

या यंत्रांच्या किमती लाखांत मोजाव्या लागतात. लग्नाची छायाचित्रे घेऊन पोट भरणाऱ्या बालाघाटच्या किंवा गोंदियाच्या स्टुडिओवाल्याने कर्ज काढून तो घ्यावा असे कोणी समजदार सांगणार नाही. मंडपात तो लहान कॅमेऱ्यापेक्षा मंद आणि जड वाटतो. आठवडाभराच्या कामासाठी मोठ्या शहरांत तो भाड्याने मिळतो. चित्र केवळ मोबाइलच्या पडद्यावर पाहायचे असेल तर तेवढाही खर्च करू नये. त्याचा उपयोग मोठ्या छापील प्रतीत दिसतो. दहा कोटी बिंदूंचे चित्र इंचाला तीनशे बिंदू धरून सुमारे एकोणचाळीस इंच रुंद छापता येते.

मात्र छपाईतही रेघ पुन्हा हरवू शकते. मॅट कागदावरचा काळा रंग चकचकीत कागदाइतका गडद होत नाही. खालच्या पायऱ्या एकमेकींत मिसळतात. म्हणून पूर्ण प्रत काढण्यापूर्वी केवळ कपाळाचा तुकडा दोन-तीन प्रकारच्या कागदांवर छापून, दिव्याखाली नव्हे तर दिवसाच्या उजेडात, दारात उभे राहून पाहावा.