निवृत्ताचा आठवडा

शाळेंतील घंटा ज्याच्या आयुष्यांतून एकदां गेली, त्याच्या दिवसांना कडा राहत नाहींत. सोमवार आणि रविवार एकसारखे दिसूं लागतात. सकाळचें वर्तमानपत्र दुपारपर्यंत पुरवून वाचावें लागतें. आणि घरांतील माणसें आपापल्या कामांत असतांना आपण मात्र कोणाच्या तरी वाटेंत उभे आहों, असें वाटूं लागतें. निवृत्तिवेतनाविषयीं पुष्कळ लिहिलें जातें. निवृत्तीच्या वेळापत्रकाविषयीं फारसें कोणी लिहीत नाहीं. म्हणून आम्ही आमचा नोव्हेंबरांतील एक आठवडा वाचकांपुढें मांडीत आहों. तो पुणें शहरांतील आहे. परंतु जेथें एक बाजार, एक वाचनालय आणि एक देऊळ आहे, अशा कोणत्याहि गांवीं तो थोड्या फेरफारानें चालेल.

आमचा नियम एकच : एका दिवशीं बाहेरचें एकच काम, आणि त्याच्या जोडीला एक श्रवण किंवा एक दर्शन. सर्व कामें एका फेरींत उरकणें हा नोकरदाराचा धर्म होय. त्यास वेळ वांचवावयाचा असतो. आम्हांस तो खर्चावयाचा आहे, आणि तोहि जपून.

सोमवार हयातीच्या दाखल्याचा. नोव्हेंबर आला कीं आपण जिवंत असल्याचें निवृत्तिवेतन घेणाऱ्यास कळवावें लागतें. २०१४ च्या नोव्हेंबरापासून हा दाखला अंगठ्याच्या ठशावरून यंत्रद्वाराहि देतां येतो. परंतु उतारवयांत बोटांवरील रेषा झिजतात. त्यांतून आमचा अंगठा जन्मभर खडू धरलेला! यंत्रानें तो तीन वेळां नाकारला. अखेर बँकेंतील तरुण कारकून म्हणाला, “काका, राहूं द्या, वहींतच सही करा.” सही केली आणि आम्ही पुढील वर्षापर्यंत जिवंत ठरलों. ज्यांचा ठसा उमटत नाहीं त्यांनीं खट्टू होऊं नये. चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोयहि २०२१ पासून झाली आहे. परततांना पुणें नगर वाचन मंदिरांत पुस्तक बदललें. ही संस्था १८४८ सालची. तेथील कपाटांपुढें उभें राहिलें म्हणजे आपण अद्याप पुष्कळ वाचावयाचें आहे याची आठवण होते, आणि ती कोणत्याहि दाखल्यापेक्षां अधिक धीर देते.

मंगळवारीं मंडई. दगडी अष्टकोनी मनोऱ्याची ही वास्तु १८८६ सालीं उभी राहिली, तेव्हां गव्हर्नरांच्या नांवावरून तिला रे मार्केट म्हणत. आज ती महात्मा फुले मंडई म्हणून ओळखली जाते. २०२४ च्या सप्टेंबरापासून तिच्या पोटाखालून मेट्रोहि धांवूं लागली आहे. भाजी आतां दूरध्वनीवर मागवितां येते, हें आम्हांस ठाऊक आहे. पण मेथीची जुडी उलटून पाहणें, वांगें हातांत घेऊन तोलणें, आणि “मास्तर, परवां दिसलां नाहीं?” हा प्रश्न ऐकणें, या गोष्टी पिशवींत घालून दारीं पोंचत नाहींत.

बुधवारीं वीजबिलाचें काम आटोपून आम्ही भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या आवारांत गेलों. महाभारताची चिकित्सित आवृत्ति सिद्ध झाली ती येथें. तिच्यासाठीं १,२५९ हस्तलिखितें पाहिलीं गेलीं आणि ती १९ खंडांत पुरी झाली. तिचे प्रधान संपादक विष्णु सीताराम सुकथनकर १९४३ सालीं वारले. ग्रंथ पूर्ण झाला १९६६ सालीं. आपल्या हयातींत संपणार नाहीं असें काम हातीं घेणाऱ्या माणसांचा सहवास, तो केवळ वास्तूचा कां असेना, आमच्या वयाच्या मनुष्यास पथ्यकर असतो.

गुरुवार आमचा नव्हे. आम्ही अठ्ठावन्नाव्या वर्षीं निवृत्त झालों तेव्हां आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या होत्या, “तुम्हांला सरकारनें सोडलें, मला कोणतें खातें सोडणार?” या प्रश्नास व्याकरणांत उत्तर नाहीं. म्हणून गुरुवारीं दळण आम्ही आणतों, सायंकाळचा वरणभातहि आम्हीच लावतों, आणि त्या आपल्या मैत्रिणींसह सदाशिव पेठेंतील नारद मंदिरांत कीर्तनास जातात. परत आल्यावर पूर्वरंग कसा झाला आणि उत्तररंगांत बुवांनीं आख्यान कोणतें लावलें, तें सर्व त्या सांगतात. अशा रीतीनें आमचेंहि श्रवण घडतें.

शुक्रवारीं पोस्टांत जाऊन भारत इतिहास संशोधक मंडळाकडे वळलों. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १९१० सालीं स्थापिलेल्या या मंडळांत अस्सल कागद जपले आहेत. जुनें पत्र वाचतांना आधीं मिती पाहावी, मग मायना, मग मजकूर, ही शिस्त ज्यांस लागली, ते घरांतल्या ऐकीव वार्तेवरहि एकदम विश्वास ठेवीत नाहींत.

शनिवारची गोष्ट मात्र जरा निराळी आहे, आणि हा लेख लिहिण्याचें खरें कारणहि तीच आहे. आमचे एक सहाध्यापक आमच्याच वर्षीं निवृत्त झाले. मुलगा गुणी, सून प्रेमळ. “बाबा, तुम्ही आयुष्यभर राबलांत, आतां बसा,” असें म्हणून त्यांनीं बिलें, भाजी, औषधें, सर्व आपल्याकडे घेतलें. दोन वर्षांत गृहस्थांचे गुडघे शाबूत राहिले, पण वाणी गेली. वाक्याचा आरंभ करीत आणि तें मध्येंच सोडून देत. कारण तें पुरें होण्याची कोणास गरज नव्हती. ज्यानें हजारों मुलांना वाक्यपृथक्करण शिकविलें त्याची ही गत! गेले कांहीं महिने आम्ही त्यांस दर शनिवारीं बाहेर नेतों. या शनिवारीं त्यांनीं पेरूवाल्याशीं भावावरून वाद घातला. कालचा भाव, आजचा भाव, फळ कोठें डागळलें आहे, सर्व मुद्दे क्रमवार मांडले. वाद दहा रुपयांचा होता. परंतु एवढें सलग भाषण आम्हीं त्यांच्या तोंडून पुष्कळ दिवसांत ऐकलें नव्हतें. पेरू घरीं नेल्यावर सूनबाई म्हणाल्या, “बाबा, जरा कच्चेच आणलेत.” त्यावरहि त्यांनीं पूर्ण वाक्यांत उत्तर दिलें.

रविवारीं आम्ही कोठेंहि जात नाहीं. सुट्टीला सुट्टीपण राहावें एवढ्याकरितां.

कोणी म्हणेल, रस्ते पूर्वीसारखे राहिले नाहींत, वाहनें अंगावर येतात, पावसांत पाय घसरतो. हें सर्व खरें आहे. ज्याचे पाय थकले, दृष्टि मंदावली, त्यास घरबसल्या कामें होणें हें वरदानच होय. त्याची थट्टा आम्ही करणार नाहीं. आमचें मागणें धडधाकट वडिलांच्या मुलांकडे आहे. वडिलांना विश्रांति द्यावी, पण त्यांचें प्रयोजन काढून घेऊं नये. जड ओझीं तुम्ही उचला, रांगेंतलीं कामें तुम्ही करा. मात्र दळण, पुस्तक बदलणें किंवा पोस्टाची फेरी, यांपैकीं एक तरी काम त्यांच्या नांवें राहूं द्या. त्यांना उशीर झाला तर वाट पाहा, आणि पेरू कच्चे निघाले तरी खा.